वाचला हेच मोठं

तुझं कुंकू बळकट म्हणून वाचला गं, असं लोक मला म्हणतात. सहा वर्षं ऐकतेय. आधी मी मान डोलवायचे, आता डोकं उठतं. वाचला म्हणजे काय ते आमच्या घरी चार दिवस राहून बघा म्हणावं एकदा.

माझा नवरा दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. संध्याकाळी कंपनीची बस त्याला इथे दिल्लीतल्या द्वारकेत चौकात सोडायची, तिथून आमची सोसायटी पायी जवळच. त्या दिवशी तो बसमधून उतरून कडेला उभा होता आणि एक गाडी सरळ त्याच्या अंगावर आली. चालवणारा दुपारपासून कुठल्याशा लग्नात पीत बसलेला. रात्रसुद्धा नव्हती हो, चांगला लख्ख उजेड होता.

हाडं जुळली. डोक्याला पुढून मार लागला होता, तिथलं काही जुळलं नाही. बाहेरून बघाल तर धडधाकट माणूस. चालतो, जेवतो, दाढी करतो. पण ज्याने कधी आवाज चढवला नाही, तो आता भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावतो, अंगावर धावून येतो, आणि थोड्या वेळाने त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, राग आवरणारा मेंदूचा भागच गेलाय, त्यांचा दोष नाही. मान्य आहे. दोष त्याचा नाही, हेच तर वाईट आहे. भांडायचं तरी कुणाशी?

त्या गाडीवाल्याशी? त्याचं करोल बागेत कपड्यांचं दुकान आहे. कोर्टात तारखेला भेटतो. मागच्या वेळी हात जोडून म्हणाला, "भाभीजी, उस दिन के बाद एक बूँद नहीं पी." त्याचा वकील माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की आता मी शाबासकी द्यावी. वा रे वा! ओवाळू का तुला? तू सुधारलास, घरी गेलास, तुझी पोरं तुझ्या गळ्यात पडतात. माझी पोरगी बाबाच्या चपलांचा आवाज आला की पुस्तकं उचलून बाल्कनीत जाते, मग बाहेर कितीही थंडी असू दे.

खरं तर तिचंच सांगायचंय मला. तेव्हा ती पाच वर्षांची होती. ह्याच्या खांद्यावर बसून मेट्रोच्या पुलाखाली जायची, वरून गाडी गेली की दोघंही टाटा करायचे. सकाळी तिची वेणी हाच घालायचा, वाकडी, आणि मी ती सोडून नीट घालायला गेले तर ही भोकाड पसरायची. मी तिला हे सारखं सांगत असते, कारण तिला फारसं आठवत नाही. माझं जे व्हायचं ते झालं. पण लेकीला तिचा बाप राहिला पाहिजे, एवढा एकच हट्ट मी धरून बसलेय.

ह्या जानेवारीत तिनेच विषय काढला. "आई, आपल्याकडे पण हळदीकुंकू करू ना यार. सगळ्यांकडे असतं." अपघातापासून मी कुणाला घरी बोलावलंच नव्हतं. म्हटलं, करू. तर लगेच विचारते, "पण बाबाला कुठे ठेवायचं?" ठेवायचं! जसा काही तो जुना कूलर आहे. मग तीच म्हणाली, "नको, बाहेरच बसू दे. आपण त्याला छान कुर्ता घालू."

तिळाचे लाडू तिने स्वतः वळले. चटके बसले तरी मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, आणि काय सांगू, हा इतका छान वागला! "या, बसा, आज थंडी फारच आहे," असं प्रत्येकीला म्हणत होता. एकजण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अगं, ह्यांना काही झालंय असं वाटतसुद्धा नाही." स्वयंपाकघराच्या दारातून लेक बघत होती. तिचा चेहरा इतका फुलला होता की मीसुद्धा, मूर्खासारखी, आशा लावून बसले.

ती ताटली घेऊन सगळ्यांत आधी त्याच्याकडेच गेली. "बाबा, तिळगूळ घे, गोड बोल. मी केलेत."

पाक जरा कडक झाला होता. ह्याने लाडू चावला, थुंकला आणि ताटली तिच्या हातातून उडवली. मग तिला शिवी दिली. हिंदीत, अगदी रस्त्यावरची. मी ती इथे लिहिणार नाही. अकरा वर्षांची पोर माझी, सगळ्यांच्या देखत! बायका उगाच पर्स उघडबंद करायला लागल्या. मी ह्याला दंडाला धरून आत नेलं, तर त्याने माझं मनगट ओरबाडलं. बाहेर येऊन बघते तर ती वाकून लाडू गोळा करत होती. रडत नव्हती. "सॉरी काकू, पाय सांभाळून," असं एकेकीला सांगत होती.

मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. दुसरं काय करणार? निघताना एका काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मनावर नाही घ्यायचं हं बाळा. बाबा आहेत ना, देवाची कृपा समज." ती म्हणाली, "हो काकू." त्या गेल्यावर तिने दार लावलं आणि माझ्याकडे न बघता बोलली, "आई, तो तेव्हाच मेला असता ना, तर माझा बाबा चांगला राहिला असता."

तिला रागवायला म्हणून मी तोंड उघडलं. असं बोलू नये, बाप आहे तो तुझा, हे सगळं म्हणायचं होतं. तेवढ्यात आतून ह्याची हाक आली, "अगं, चहा मिळेल का?" किती गोड आवाजात! त्याला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं.

लेकीने गॅसवर आधण ठेवलं. म्हणाली, "चहा मी करते, पण तू देऊन ये. मला भीती वाटते."