गाठींची मुंबई

आमच्या परभणीच्या जिनिंगमधला एक हमाल कापसाच्या गाठी कधी एका उंचीत रचायचा नाही. एक थप्पी आभाळाला, शेजारची बुटकी, मग पुन्हा उंच. मी तिथला मुनीम, रोज ओरडायचो. तो हसायचा.

"मुनीमजी, मुंबई दुरून अशीच दिसती. गाठींसंगं गेलतो, तवा बंदरात पडावाच्या होडीतून पाहिली. आपल्या तालुकदारसायबाची दुमजली कचेरी तिच्या गुडघ्याला लागंल!"

सगळे त्याला थापाड्या म्हणायचे. बायकोसुद्धा. तेवढं मात्र त्याला लागायचं.

एका दुपारी ती गावाकडून, बोरीहून आली. त्यानं तिला पार फाटकापाशी उभं केलं आणि गाठींकडे हात केला. "आता बघ!"

तिनं कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"आवं, इतक्या वर पानी कोन नेतंय?"

"नळ हाय. पार शेंड्यापत्तूर."

ती खुदकन हसली. "तुमाला मनानं यवढं सुचायचं न्हाई. म्हंजी खरंच पाहिली तुमी!"

तो तर नाचायचाच बाकी राहिला.

मी कधी मुंबई पाहिली नव्हती. माझ्या ओरडण्यात निम्मा हेवा होता, हे आज कबूल करतो. त्या दुपारी मीही फाटकापाशी जाऊन उभा राहिलो आणि त्याला विचारलं, "त्या सगळ्यात उंच घरात कोण राहतं रे?"