नेपाळला जायचं ठरल्तं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी येसराचं, आमटीत घालायचं पीठ चाळलं. गहू, बाजरी, डाळ, धने भाजून चंद्रकलेनं गिरणीतून दळून आणल्तं. मी चाळण धरली, ती वाटीवाटीनं टाकत गेली. चार दिवसांनी नेपाळला निघायचं होतं. एक डबा भरला, दुसरा भरला. मी म्हणलो, "अगं, दोन माणसाला इतकं? ओझं कोण उचलणार?" ती म्हणाली, "लागतंय." दुपारी तिच्या छातीत कळ आली. अंबडच्या दवाखान्यात नेईपर्यंत माझी बायको गेली.

आमचं मूळ गाव आष्टीजवळ. पस्तीस वर्षं मी पुण्यात एका सोसायटीच्या गेटावर वॉचमन होतो. लेकरूबाळ न्हाई. वय झालं, ड्युटी सुटली, खोलीचं भाडं परवडंना. गावातलं घर कधीच पडलेलं. गेटावर माझ्यासंगं टेक नावाचा नेपाळी होता, तो लुंबिनीजवळ आपल्या गावी परत गेल्ता. त्याचा फोन यायचा, "दादा, इधर आ जाओ. आधे खर्चे में दोनों का निभ जाएगा. कमरा खाली है." खर्चा कमी, बुद्ध जन्मले ती जागा जवळ, वर कुणाचे उपकार न्हाईत. मला बराबर वाटलं. चंद्रकलेला विचारलं तर म्हणाली, "तुमी म्हणताल तिथं." दोन वर्षं हेच म्हणत राह्यली.

पुण्याची खोली सोडली आणि निघेपर्यंत वडीगोद्रीला तिच्या भावाकडं, प्रल्हादकडं उतरलो. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. मी आल्या आल्याच सांगितलं, महिनाभरच. सासरवाडीच्या दारात म्हातारपण काढणारा माणूस मी न्हाई.

तिच्या माघारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे गेले. मंग मी प्रल्हादला म्हणलो, "आता मी एकटाच जातो." तो किल्ली घेऊन आला. दुकानामागं एक खोली होती, मला वाटायचं त्याचे टायर असतील. आत दोन खाटा, नवी पातेली, फळीवर येसराचे डबे. पुण्यात भंगारात दिली म्हणून सांगितलेली आमची लोखंडी पेटी कोपऱ्यात. पेटीवर इथलं रेशनकार्ड, दोघांचीबी नावं.

"अक्कानं सहा महिने झाले भाड्यानं घेतली," प्रल्हाद म्हणाला. "ती जाणारच नव्हती. गाडीच्या दिवशी सांगणार होती. म्हणायची, आधी सांगितलं तर त्ये रुसून एकटेच जातेल."

"कुणाकुणाला म्हाईत होतं?"

"तुमी सोडून सगळ्यास्नी."

चहावाल्याला म्हाईत, गिरणीवाल्याला म्हाईत. "मामा, कधी निघायचं नेपाळला?" म्हणून रोज विचारायचे अन् हसायचे. मला वाटायचं, कौतुक करून राह्यलेत.

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गेटावर उभा होतो, कुणाला आत सोडायचं ते मला कुणी सांगावं लागायचं न्हाई. आणि माझ्याच बायकोनं मला बाहेर उभं ठेवलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत न्हाई, म्हणून प्रल्हादवर ओरडलो, "मला विचारायचं तरी!"

तो म्हणाला, "दाजी, पुण्याला नेताना तुमी अक्काला विचारल्तं का?"

"विचारल्तं. तुमी म्हणताल तिथं, म्हणली."

"मंग यष्टीत बसून पदरात तोंड घालून रडत कोण होतं?"

मला वाटल्तं, धूळ लागती म्हणून पदर घेतलाय. माझी आई स्टँडवर म्हणाली होती, "पोरीला जपून ने." मी गाठोडं जपलं.

पोटासाठी बाहेर पडलेल्यांनो, खोटं सांगत न्हाई. तिनं मला फसवलं, आणि तो राग बिलकुल गेलेला न्हाई. पण घर कुठं करायचं हे आम्ही दोघांनी ठरवलं, असं मी जन्मभर सांगत आलो. ते दोघांनी कधीच ठरवलं नव्हतं. एकदा मी ठरवलं. एकदा तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकला फोन लावला. चंद्रकला गेल्याचं त्याला म्हाईत नव्हतं. "दादा, कब आ रहे हो? भाभी कैसी है?"

मी म्हणलो, "टेक, कमरा किसी और को दे दे. मेरी घरवाली ना बोल रही है."