कागदावर मेलेली मुलगी

नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बहुतेक फाइल बंद झाली की डोक्यातूनही गेले. ही एक केस मात्र अजून जशीच्या तशी आठवते आणि आठवली की अजूनही संताप होतो. यातले कोणाचेही नाव मी लिहिणार नाही. काहींची अब्रू राखायची म्हणून नाही, तर यात एक लहान मुलगी आहे आणि तिला उद्या शाळेत जायचे आहे म्हणून.

आमचे घराणे जुन्या हैदराबाद संस्थानातले, मराठवाड्याकडचे शेतकरी. आजोबा हैदराबाद शहरात आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि ठाण्यात तेलुगू, असे माझे आयुष्य गेले. निवृत्तीला तीन-चार वर्षे राहिली असताना मी दिलसुखनगरच्या बाजूच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. कोचिंग क्लासची पोरे, हरवलेले मोबाईल, दुकानदारांची भांडणे आणि जोडीला बंदोबस्त, असे आमचे दिवस जायचे.

त्या दिवसांत एक बाई ठाण्याच्या बाकावर येऊन बसू लागली. बस डेपोजवळ फुले विकणारी, तेविशी-चोविशीची. नवरा गवंडीकामावर. जवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये ती बाळंत झाली होती आणि मुलगी झाली, पण मेलेली जन्मली, असे तिला सांगितले गेले होते. आमच्या रायटरने, म्हणजे ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या हवालदाराने, तिला सांगितले की हा डॉक्टरचा विषय आहे, आरोग्य खात्यात जा. ती गेली. तिथून तिला पुन्हा पोलिसांकडे पाठवले. मीही तिला दोनदा बाकावर पाहिले होते. एकदा तर तिच्यासमोरच जीपमध्ये बसलो आणि जाता जाता म्हणालो, नंतर बघू. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहिलेच पाहिजे.

तिसऱ्या खेपेला आमची एक महिला कॉन्स्टेबल माझ्या खोलीत आली. म्हणाली, "सर, ती नुकसानभरपाई मागत नाही. ती मयत मागते आहे."

मी तिला आत बोलावले. ती तेलुगूत बोलली, शांतपणे. तिने मुलीच्या रडण्याचा आवाज ऐकला होता. नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की ते शेजारच्या खोलीतले मूल होते. तिने मूल दाखवा म्हटले, तर लांबून कापडाचे एक गाठोडे दाखवले. "मुलगी मेली असेल तर माझ्या हातात द्या. मी पुरते. पुरल्याशिवाय मी कशी गप्प बसू?" एवढेच तिचे म्हणणे होते.

मी रायटरला समोर बसवून तिचा जबाब घेतला आणि गुन्हा नोंदवला. मग नर्सिंग होमला पत्र देऊन मयताचे काय केले ते विचारले. उत्तर आले की मयत नवऱ्याच्या ताब्यात दिली, त्याची सही आहे. सही खरीच त्याची होती. कागद इंग्रजीत होता आणि त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. डिस्चार्जचा कागद म्हणून त्याने सही केली होती. आजूबाजूच्या स्मशानांत आणि दफनभूमीत माणूस पाठवला. कुठेही नोंद नाही. मेलेले मूल जन्मले तरी महापालिकेला कळवावे लागते. तेही कळवलेले नव्हते. म्हणजे ही मुलगी फक्त एका कागदावर मेली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा फोन आला. तिने नाव सांगितले नाही. त्या नर्सिंग होममध्ये पूर्वी कामाला होते, एवढेच म्हणाली. त्या तारखेला तिथून महापालिकेकडे कोणाचा जन्म नोंदवला ते बघा, म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही नोंद काढली. त्या दिवशी एका मुलीचा जन्म नोंदवलेला होता. आई पुण्याकडची मराठी, आयटी कंपनीत नोकरीला, राहायला हायटेक सिटीच्या बाजूला. मी नोंद वाचली आणि तिथेच खटकले. मोठ्या कंपनीचा विमा असलेली बाई, घराजवळ चकाचक दवाखाने सोडून, दीड तासाच्या ट्रॅफिकमधून शहराच्या या टोकाला तीन खोल्यांच्या नर्सिंग होममध्ये बाळंतपणाला कशाला येईल? माणसे सोय सोडून लांब जातात ती बहुतेक वेळा काही लपवायला.

कंपनीकडून तिची हजेरी मागवली. बाळंतपणाच्या दिवशी सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिचे कार्ड ऑफिसात होते. दुसऱ्या दिवशीही होते.

एका रविवारी दुपारी आमच्या महिला सब-इन्स्पेक्टरला घेऊन साध्या कपड्यांत मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दारावर मराठीत पाटी. मी मराठीत बोलताच दोघे नवरा-बायको मोकळे झाले. इकडे इतकी वर्षे राहून तुमचे मराठी किती छान, वगैरे. आत पाळण्यात मुलगी झोपली होती, गुबगुबीत, स्वच्छ, डोक्यावर टोपडे. मी तिच्या बाळंतपणाबद्दल विचारले. ती म्हणाली, सिझेरियन झाले, फार त्रास झाला. मी हजेरीचा कागद टेबलावर ठेवला. नवरा उठून खिडकीपाशी गेला. ती मात्र कागदाकडे बघत राहिली आणि मग रडू लागली.

तिने सगळे सांगितले. आठ वर्षे मूल नाही, उपचार करून थकले, कायद्याने दत्तक घ्यायचे तर रांग मोठी. मग कोणीतरी या डॉक्टरीणबाईंचे नाव सुचवले. त्यांनी सांगितले की कॉलेजातली अविवाहित मुलगी आहे, तिला मूल नको आहे, जन्म थेट तुमच्या नावावर लावू. दोघांनी मान्य केले. ज्या दाखल्यावर ती न झालेल्या बाळंतपणाची आई होती, तो दाखला खोटा आहे हे दोघांनाही ठाऊक होते. पुढचे आपण विचारले नाही, असे ती म्हणाली.

मी तिला फुलवालीबद्दल सांगितले. तिने पाळण्यातल्या मुलीचे टोपडे नीट केले. मग म्हणाली, "काका, तुम्ही आपले आहात. तुम्हीच सांगा, तिकडे राहून मुलगी काय होणार होती? फुलं विकणार? आम्ही तिला सगळं देऊ."

"बाई," मी म्हणालो, "तिच्या आईने तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. ती दोन महिने मुलीचं मढं शोधते आहे."

मला तेव्हा तिची कीवही आली, हे कबूल करतो. पण 'आपले' या शब्दाचा त्या दिवशी मला फार राग आला. माझ्या घरची भाषा बोलली म्हणून मी दुसरीच्या पोटचे मूल तिला देऊन टाकावे, अशी तिची खरोखर अपेक्षा होती.

त्याच संध्याकाळी त्या नर्सिंग होमच्या नर्सला ठाण्यात बोलावले. पन्नाशीची बाई, वीस वर्षे बाळंतपणे केलेली. चौकशीत आवाज चढवून फारसे काही मिळत नाही, हे मी तोवर शिकलो होतो. मी तिला फक्त एवढेच विचारले की मेलेले मूल तुम्ही कशात गुंडाळले होते. ती सांगू लागली, पांढरे कापड. मग म्हणाली, निळा टॉवेल. मग थांबली. महिला सब-इन्स्पेक्टरने तिला पाणी दिले. पाणी पिऊन ती खाली बघत म्हणाली, "साब, बच्ची रोई थी. नाल मैंइच काटी." गाठोड्यात टॉवेलच होते, दुसरे काही नव्हते.

डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या दिवशी अटक केली. मला वाटले होते त्या घाबरतील, नाकारतील. त्यांनी नाकारले नाही. वकिलाच्या समोर, अगदी समजावण्याच्या सुरात त्या मला म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, यात नुकसान कोणाचं झालं? ती वर्षभरात दुसरं मूल करील. या दोघांना होणार नव्हतं." पैसे त्यांनी घेतले होतेच. पण पैशासाठी गुन्हा करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचे मला नवल नाही. एका बाईच्या कुशीतून मूल उचलून ते योग्य ठिकाणी पोहोचवल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. ते समाधान मी विसरू शकलेलो नाही.

मग फोन सुरू झाले. ओळखीचे वकील, एक निवृत्त वरिष्ठ, नारायणगुड्यात राहणारे आमचे एक नातेवाईक. सगळे सुशिक्षित, भले लोक. सगळ्यांचे म्हणणे एकच, की डॉक्टरवर करा कारवाई, पण मूल चांगल्या घरात आहे, ते राहू द्या. फुलवालीला काही मदत मिळवून देता येईल, असेही एकाने सुचवले. तिचे मूल परत द्यावे, असे एकानेही म्हटले नाही. मी प्रत्येकाला सांगितले की हे लेखी द्या, फाइलला लावतो. कोणी दिले नाही.

कोर्टाच्या परवानगीने डीएनए तपासणी झाली. अहवाल यायला वेळ लागला, तोवर मुलगी बाल कल्याण समितीच्या देखरेखीखाली शिशुगृहात होती. समिती फुलवालीला आणि पुण्याच्या बाईला, दोघींनाही भेटीला परवानगी देत असे. अहवाल आला. मुलगी फुलवालीचीच होती.

ताबा देण्याच्या दिवशी समितीच्या कार्यालयात मी हजर होतो. मुलगी पाच महिन्यांची झाली होती. पुण्याची ती बाई एक पिशवी घेऊन आली. तिला तेलुगू येत नव्हते आणि फुलवालीला मराठी. समितीच्या मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मग मीच मधे उभा राहून सांगत गेलो. दूध किती वेळाने लागते, पोटावर झोपवले तर रडते, सर्दी झाली की रात्री उशी जरा उंच ठेवा. पिशवीत कपडे होते आणि लस दिल्याचे कार्ड होते. फुलवाली सगळे नीट ऐकत होती. तिला मी रागावलेली कधी पाहिले नव्हते, आणि त्या दिवशी तिला रागावण्याचा पूर्ण हक्क होता.

शेवटी तिने मला एकच गोष्ट विचारायला सांगितली. "हिला काय नावाने हाक मारता ते विचारा. मी वेगळं नाव घेतलं तर ही माझ्याकडे बघायची नाही."

मी ते मराठीत सांगितले. पुण्याच्या बाईने नाव सांगितले आणि तोंड पदरात लपवून बाहेर गेली. फुलवालीने ते नाव दोन-तीनदा हळूच म्हणून पाहिले. मुलीने मान वळवली.

पुढची हकीकत फार सांगण्यासारखी नाही. डॉक्टरीणबाईंना जामीन मिळाला. खटला मी निवृत्त होईपर्यंत तारखांवर तारखा घेत होता. नर्सिंग होमची पाटी बदलली आणि दुसऱ्या नावाने ते पुन्हा सुरू झाले. त्या जोडप्यावरही आरोपपत्र गेले. ते मला कठोर वाटले नाही, आजही वाटत नाही.

या केसने मला पहिली गोष्ट शिकवली ती माझ्याच धंद्याबद्दल. समोर आलेली बाई गरीब असेल, अडाणी असेल, तिचे म्हणणे विचित्र वाटत असेल, तरी आधी ते लिहून घ्यायचे आणि मग विचार करायचा. आम्ही उलटे केले आणि त्यात एका आईचे कितीतरी दिवस वाया गेले. दुसरी गोष्ट ही, की असले गुन्हे एकट्या डॉक्टरच्या जिवावर चालत नाहीत. चांगले घर कोणते, कोणाच्या पोटी जन्मलेले मूल कोणाकडे शोभेल, हे मनातल्या मनात ठरवून मोकळे होणारे आपल्यासारखे लोक असतात, म्हणून ते चालतात.

निवृत्तीनंतरही लग्नाकार्यात ही गोष्ट निघाली की कोणीतरी मला म्हणतेच, साहेब, त्या पोरीचे तुम्ही नुकसान केले. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त विचारतो की तुमची सून बाळंत झाली आणि तुमच्याहून श्रीमंत, तुमच्याहून शिकलेल्या कोणी येऊन तिचे मूल उचलून नेले, तर तुम्ही ते राहू द्याल का? त्यावर आजवर एकानेही मला हो म्हटलेले नाही.