दुसरी पुडी

आमच्या घराला निर्णय घ्यायची फार भीती. तंजावर सोडून मद्रासला यायचं की नाही, थोरल्या आत्याला आलेलं स्थळ पत्करायचं की नाही, आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, सगळं फुलांवर सोडलेलं. केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्या बांधायच्या, एकीत पांढरं फूल, एकीत लाल. देवासमोर ठेवायच्या आणि आत काय आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं एक उचलायची. पांढरं निघालं तर हो, लाल निघालं तर नाही. शेजारची तमिळ माणसंही हेच करत, आमच्या तंजावरच्या मराठी लोकांनी त्यांच्याकडूनच ते उचललं असणार. पुढं काही बिघडलं तर घरातल्या कुणाकडेच बोट दाखवता येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी मद्रासच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. अप्पा मद्रासबाहेरच्या आवडी गावात संरक्षण खात्याच्या कारखान्यात हेडक्लार्क, आणि आम्ही तिघं तिथल्याच क्वार्टर्समधल्या दोन खोल्यांत. एके दिवशी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं एअरमेल पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, फी माफ होती, शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवायचं आणि त्याबद्दल राहण्याजेवण्यापुरता पगार. उत्तर महिन्याभरात हवं होतं.

ते पत्र मी खिशात घालून आठवडाभर कॉलेजच्या कँटीनमध्ये मिरवलं. ज्यांनी कधी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते माझ्या कॉफीचे पैसे द्यायला लागले. अप्पांनीही ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. मात्र घरी आले की त्यांचा चेहरा पडायचा. एकुलता एक मुलगा, समुद्रापलीकडे, तिथं तो काय खाईल, कुणाला घेऊन येईल, आपलं मागं कोण करील. नाही म्हणावं तर ऑफिसात तोंड दाखवायची पंचाईत, हो म्हणावं तर काळजात धस्स. शेवटी महिना संपत आला तेव्हा त्यांनी घराण्याची वाट धरली.

"माझं कांहीं नाहीं बा," ते म्हणाले. "देव हो म्हणेल तर जा."

आई या सगळ्यात अवाक्षर बोलली नव्हती. ती फक्त म्हणाली, "सरि, तसंच करूं. उद्यां सकाळीं पुड्या मी बांधीन."

मी फिजिक्सचा विद्यार्थी, देवाधर्माला नाक मुरडणारा. मी उसळून उठायला हवं होतं. माझं आयुष्य आहे, कण्हेरीच्या फुलानं कसलं ठरवता, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून अप्पांनी डोळे मिटले आणि डावीकडची पुडी उचलली. लाल कण्हेर. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. तो दुःखाचा नव्हता, हे मला पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळलं. "त्याच्या मनांत नाहीं," एवढंच बोलून ते माझ्या पाठीवर हात ठेवून कामावर गेले. आई चुलीकडे वळली. देवासमोर मी एकटाच उरलो, आणि उगाच, अगदी उगाच, दुसरी पुडी उघडली.

तीही लाल.

आधी डोकं भणाणलं. आईनं, माझ्या सख्ख्या आईनं, देवासमोर लबाडी केली होती. चुलीपाशी जायला चार पावलं पुरली असती. मी उठलोसुद्धा. आणि उठता उठता मला हलकं वाटलं. परीक्षा पुढं ढकलल्याचं कळावं तसं हलकं. खरं सांगायचं तर त्या पत्रातली शिकवण्याची अट मी पहिल्या दिवसापासून पोटात घेऊन हिंडत होतो. आमच्याच वर्गात उभं राहून इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची म्हटली तरी पहिल्याच वाक्यात मी अडखळायचो. तिथं वीस गोऱ्या मुलांसमोर काय बोलणार होतो मी? रात्र रात्र हाच विचार. आता ती मुलं गेली, तो वर्ग गेला, आणि दोष माझ्याकडे नव्हता. मी फूल परत पानात ठेवलं, केळीच्या खोडाच्या सोपाचा दोरा होता तसा गुंडाळला आणि पुडी जागेवर ठेवली. संध्याकाळी विद्यापीठाला नकार लिहिला. घरगुती अडचणींमुळे, असं लिहिलं.

पुढं अंबत्तूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चिकटलो. लोखंडी बोल्ट येत, ते मापाच्या गेजमध्ये घालून बघायचे, बसला तर पास, नाही बसला तर रद्द. त्याला फिजिक्स लागत नाही. कँटीनमध्ये माझ्या कॉफीचे पैसे देणारा एकजण आता अमेरिकेत प्राध्यापक होऊन बसल्याचं कळलं, त्या दिवशी मी जेवलो नाही.

जेवलो नाही म्हणजे आईला छळलं. ते मी सात वर्षं नेमानं केलं. कारण कधी सांगितलं नाही, पण तिनं काही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. रस्सम वाढूं का? फुलं टाकून बघ. नवा सदरा आणूं का? फुलं टाकून बघ. अप्पा हसायचे, त्यांना ती थट्टा वाटायची. देवानंच आपल्या मुलाला अडवलं, या समाधानात ते होते. आई खाली बघून वाढत राहायची. तिची ती वाकलेली मान बघून मला बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

मग एका रविवारी अप्पा भजनाला गेले असताना तिनं माझ्या लग्नाचा विषय काढला. कुंभकोणमची मुलगी होती, बघायला जायचं का म्हणून विचारत होती.

"फुलं टाकून बघ," मी म्हणालो. आणि त्या दिवशी तेवढ्यावर थांबलो नाही. "दोन्हींत लालच घाल, म्हणजे झालं."

मला वाटलं ती रडेल. तिनं हातातली शेवग्याची शेंग ताटात ठेवली.

"घातलं होतं," ती म्हणाली. "तूं जाणं मला नको होतं. तूं दुसरी पुडी उघडलीस तेंही मी पाहिलं."

मी उठून दार लावून घेतलं.

"चुलीपाशींच उभी होतें मी. आतां हा येईल, माझ्या तोंडावर फेकील म्हणून. फेकली असतीस तर संध्याकाळीं ह्यांना सगळं सांगून तुला धाडणार होतें. पण तूं ती परत बांधलीस. नीट दोरा गुंडाळून बांधलीस. तेव्हां मला कळलं, ह्यालाच जायचं नाहीं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलूं? दोष मजवर राहूं दे म्हटलं. मी सोसीन. तुला सोसायचं नाहीं."

मला ते खरंच सोसलं नाही. त्याच महिन्यात मी अंबत्तूरला खोली घेतली. आईला सांगितलं, जाण्यायेण्यात फार वेळ जातो. आवडीहून अंबत्तूर गाडीनं पाव तासावर आहे.