टेंभुर्णीचं गुप्त गिऱ्हाईक

ज्या बाईनं मला फसण्यापासून वाचवायचा प्रयत्न केला, तिचे मी दोन मार्क कापले.

हे घडलं अमेरिकेत, पण सुरुवात टेंभुर्णीच्या फाट्यावरच झाली होती. नोकरी माझ्या बायकोला, सुनंदाला लागली होती. मी तिच्या व्हिसाला चिकटून चाललो होतो. मला तिकडं कामाची परवानगी नव्हती. निरोपाला आलेल्या पाव्हण्यांनी हे न बोलता बोलून दाखवलं. मग मोहोळहून एसटीनं आलेल्या सासूबाईंना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाळंतपणाला तुम्हाला विमानानं नेणार. तिकीट माझं." अण्णा, म्हणजे माझे वडील, किराणा दुकान बंद करून आले होते. ते बॅगांकडं बघत "जपून ऱ्हा" एवढंच म्हणाले.

तिथं मी अण्णांच्या गल्ल्यावर बसायचो. इथं ओहायोत डिशवॉशर लावतो आणि लाँड्रीच्या घड्या घालतो. सुनंदाला दिवस गेले, तिच्या पगारातून तिकिटाचे पैसे जॉइंट अकाउंटला साठले, पण 'तिकीट माझं' हे शब्द मला टोचत राहिले. अशात ईमेल आला: आमच्यासाठी गुप्त गिऱ्हाईक व्हा. दुकानात साध्या गिऱ्हाइकासारखं जा आणि तिथल्या माणसांना मार्क द्या. मला वाटलं, अण्णांच्या दुकानात घासलेल्या वर्षांची अमेरिकेनं अखेर दखल घेतली.

पोस्टानं चेक आला. तो बँकेत भरायचा, आपली फी ठेवायची, उरलेल्याची गिफ्ट कार्डं, म्हणजे आत पैसे भरलेली कार्डं, घ्यायची आणि त्यांवरचे नंबर खरवडून फोटो पाठवायचे. दुसऱ्याच दिवशी अकाउंटला पैसे दिसले. मी ताठ मानेनं त्यांनी सांगितलेल्या दुकानात गेलो.

काउंटरवरच्या पांढऱ्या केसांच्या बाईनं कार्डं हातात धरून ठेवली. "हनी, ही घ्यायला तुला कुणी सांगितलंय का?"

मी म्हणालो, पुतण्याचा वाढदिवस.

"एवढी कार्डं?"

आमचं एकत्र कुटुंब आहे, मी म्हणालो.

गाडीत बसून फोटो पाठवले आणि रिपोर्ट लिहिला: 'गिऱ्हाइकाची नको तितकी चौकशी करते. दोन मार्क कमी.' अण्णांनीच शिकवलं होतं, "गिऱ्हाइकाला कशाला पायजे ते इचारायचं न्हाय." उंदराचं औषध मागणाऱ्याला मात्र तेच अण्णा बसवून घ्यायचे, चहा मागवायचे, घरी सगळं बरं हाय का विचारायचे. ते काही मला गाडीत आठवलं नाही.

आठवड्यानं चेक खोटा निघाला. बँकेनं तेवढी रक्कम आमच्या अकाउंटमधून वळती केली, म्हणजे तिकीट गेलं. कार्डांवरचे पैसे त्या ईमेलवाल्यांनी नंबर हाती पडताच उडवले होते. बँकेतला माणूस फार गोड बोलला, आणि गोड बोलत बोलतच काही होणार नाही म्हणाला. पोलिसांत जावं, तर परवानगी नसताना काम केल्याचं मीच लिहून द्यायचं. दिवस भरत आले होते; पुन्हा तेवढं साठवायला सवड नव्हती. सुनंदा भांडली असती तर बरं झालं असतं. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी सोलापूरला जाऊन पासपोर्ट काढला होता. डिंकाचे लाडू विमानात चालतात का, याची गल्लीभर चौकशी झाली होती.

मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, पूर्वी मला घर म्हणजे फाट्याच्या अलीकडची जागा वाटायची. आता वाटतं, पिशवीत काय आहे, कुणासाठी नेतोय, असं चार माणसं वाट अडवून विचारतात, ते घर. तेव्हा मी चिडायचो. इथं तसं विचारणारी एकच भेटली.

फोन लावला, सगळं सांगितलं.

"म्हंजे मी काय आता यायची न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "मग पोरीजवळ कोण?"

"मी आहे की."

"जावईबापू, बाळ झालं की सामान आणायला त्यालाच धाडा. पाळण्यात तुमी झोपा."