सात दिवस गॅरेजमध्ये

परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरातल्या भाड्याच्या घरात आमचा पहिलाच हिवाळा. मुलगी आठ महिन्यांची. तिला वारा लागू नये म्हणून मी शहाणीनं सगळ्या खिडक्या गच्च लावून ठेवल्या होत्या, आणि ओले कपडेही घरातच वाळत घालायचे. तिचा खोकला काही हटेना. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाल्या, घरात बुरशी आहे का बघा.

बघितलं, तर आईनं पुण्याहून स्वतःच्या साडीचं शिवून पाठवलेल्या दुपट्यावरच हिरवट ठिपके. रोज त्यातच मी पोरीला गुंडाळत होते.

डाग कसे जातील म्हणून दुपटं घेऊन शेजारच्या ज्यू आजींकडे गेले. त्या म्हणाल्या, "आमच्या जुन्या धर्मशास्त्रात यावर नियमच आहे. डागाळलेलं कापड पुरोहिताला दाखवायचं. तो ते सात दिवस बंद ठेवतो. डाग पसरला, तर जाळायचं. नाही पसरला, तर धुऊन पुन्हा बघायचं."

मनात म्हटलं, घ्या! सोवळं-ओवळं नको म्हणून इतक्या लांब आले, तर इथेही तेच. पण आजी पुढे म्हणाल्या, "चूक कोणाची, हे त्यात विचारलेलंच नाही. नीट बघा, थांबा, पुन्हा बघा, एवढंच."

ते मात्र मला पटलं. आईच्या हातचं घाईनं जाळायचा धीर मला नव्हताच.

दुपटं खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवलं. खिडक्या उघडल्या. दिवसातून दहा वेळा पोरीच्या छातीला कान लावायचे. चौथ्या दिवशी घरघर कमी झाली, आणि आनंद व्हायचा सोडून मी जास्तच घाबरले. म्हणजे इतके दिवस मीच तिला आजारात गुंडाळत होते की काय?

सातव्या दिवशी ठिपके पार काठापर्यंत गेले होते. आजींच्या शेकोटीत मीच ते टाकलं.

रविवारी आईचा फोन आला. "दुपट्यात झोपते ना गं?"

खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या दुपट्यानं पोरीची छाती भरली?"

"नाही गं आई. घरच ओलं होतं, खिडक्या मीच बंद ठेवल्या." आजींचा तो नियमही मी तिला दोनदा समजावून सांगितला.

"बरं," आई म्हणाली. त्यानंतर तिनं पोरीसाठी कधी काही शिवलं नाही.