चमच्याने घास भरवणारा नवरा

आमच्या लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा अंबरीशने वाढप्याकडे चमचा मागितला. अख्खी पंगत हसली. मी तेव्हाच समजून जायला हवं होतं. हा माणूस माझ्या ताटातला जिलबीचा तुकडा कधी उचलणार नव्हता, की मला आपल्या कपातला घोटभर चहा देणार नव्हता. उष्ट्याची त्याला शिसारी. त्यात नोकरी हृदयाचे स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात, तीही धुळीचा कण चालत नाही अशा क्लीनरूममध्ये. म्हणजे किळस करण्याचाच पगार!

२०२० साल आलं आणि सगळं जग त्याच्यासारखं वागू लागलं. आयर्लंडमधल्या ल्यूकन गावच्या आमच्या घरात भेंडी साबणाच्या पाण्यात डुंबायची, दुधाचं कार्टन आंघोळ करून मगच फ्रिजमध्ये जायचं. त्याला मनातून बरंच वाटत होतं, असा माझा संशय आहे.

नेमके तेव्हाच मला दिवस गेले आणि किळस माझ्याही वाट्याला आली. फोडणीचा वास नको, ओलसर कार्पेटचा नको, त्याच्या सॅनिटायझरचा तर नकोच नको. भाताकडे बघवेना. टोस्ट पुठ्ठ्यासारखा लागे. पाणीसुद्धा उलटून पडायचं. मिडवाइफने वजन केलं आणि सांगितलं, पुढच्या खेपेपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर ॲडमिट करून सलाइन लावावं लागेल. नवऱ्याला आत यायला बंदी. परक्या देशात एकटीने वॉर्डात पडून राहायच्या नुसत्या कल्पनेने मी रडले.

"काय खावंसं वाटतंय गं?" आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"करवंदं."

"अंबरीशराव, डोहाळे आहेत हो तिचे. पुरवायला हवेत," आई म्हणाली.

आता आयर्लंडमध्ये करवंदं कुठली? उपाय सुचवला शेजारच्या ब्रीडाबाईंनी, भिंतीपलीकडून. घरांमधल्या रस्त्याच्या कडेने शोभेला लावलेली ती सर्व्हिसबेरीची झुडपं आहेत ना, त्यांची फळं काळीजांभळी झाली की तशीच तोडून खायची, ग्रँड लागतात. फक्त प्रत्येक झुडूप वेगळं. कुठलं गोड, कुठलं बेचव, ते चाखल्याशिवाय कळत नाही.

"चाखून? तिथलं?" अंबरीश घरात आल्यावर म्हणाला. "अगं, सगळ्या गावाची कुत्री तिथे पाय वर करतात!"

पण गेला. हातमोजे, मास्क, डबा असा सरंजाम घेऊन. एका झुडपाखाली कुत्र्याची घाण. दुसऱ्याची फळं अजून लाल, तुरट. तिसऱ्याची पिठूळ, आत अळी. हे सगळं तो मला साग्रसंगीत सांगायचा आणि मी बेसिनकडे धावायचे. शेवटी एका झुडपाची बरी निघाली. ती त्याने मिठाच्या पाण्यात घातली, मग भांड्यांच्या साबणात, मग परत पाण्यात. माझ्यापुढे आला तो लिंबाच्या वासाचा लगदा.

"चुलीत घाल तुझी स्वच्छता!" मी ओरडले. मला त्याचीही किळस आली. खरंच आली.

लॉकडाऊन सैल होऊन आपल्या जिल्ह्यात फिरायची मोकळीक मिळाली होती. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी तो मला गाडीतून जिल्ह्यातल्याच सँडीफोर्डला घेऊन गेला. त्याच्या जुन्या ऑफिसच्या पार्किंगला अशी झुडपं होती, असं त्याला आठवत होतं. वाटेत दोनदा गाडी थांबवून मी ओकले. बाटलीतलं पाणी चुळा भरण्यातच संपलं.

पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं म्हणावं, तर कडेच्या झुडपांवर पाखरंच पाखरं. अंबरीशने मास्क खाली करून एक फळ तोंडात टाकलं. चेहरा वाकडा झाला नाही.

"गोड आहे. बी चावली की बदामासारखं लागतं."

"दे ना मग!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. नळ नाही, पाणी नाही. मग हातमोजा काढला आणि एक फळ उघड्या बोटांनी माझ्या तोंडात घातलं. मी चावलं आणि सवयीने ओकायला पुढे वाकले. काही कळायच्या आत त्याचा तळवा माझ्या तोंडाखाली आला आणि मी त्यात थुंकले.

तळव्यावरच्या त्या चोथ्याकडे तो बघत राहिला. आता हा इथेच आडवा होणार, मला वाटलं. त्याने तो चोथा तोंडात टाकला. नीट चावला. गिळला.

"फळात काही खोट नाही," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा वाकडा नव्हता. "घे, दुसरं घे."

मी घेतलं. ते आत राहिलं. मग आणखी एक, मग ओंजळभर. घरी येईपर्यंत गाडी कुठेच थांबवावी लागली नाही.